अ‍ॅबाची गाणी, अ‍ॅबाशिवाय

एखादं गाणं आपल्याला आवडतं म्हणजे नक्की काय आवडतं? चाल? शब्द? की तो आवाज, ज्या आवाजात आपण ते पहिल्यांदा ऐकलं?

प्रश्न जरा तात्त्विक वाटतोय, मान्य आहे. पण १९९९ साली एका सीडीवरून अ‍ॅबाचे चाहते याच प्रश्नावर दोन गटांत विभागले गेले. सीडीचं नाव 'मामा मिया!'. लंडनच्या संगीत नाटकाचं कास्ट रेकॉर्डिंग, म्हणजे नाटकातल्या नटनट्यांनी स्टुडिओत जाऊन म्हटलेली नाटकातली गाणी. गाणी सगळीच्या सगळी अ‍ॅबाची, आणि गाणाऱ्यांत अ‍ॅबातलं कोणीही नाही!

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांना अ‍ॅबा अगदी तोंडपाठ आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल गाळावेत.

अ‍ॅबा म्हणजे स्वीडनमधली दोन जोडपी. आग्नेथा आणि ब्यॉर्न, फ्रिदा आणि बेनी. ६ एप्रिल १९७४ ला इंग्लंडमधल्या ब्रायटनला त्यांनी 'वॉटरलू' गाऊन युरोव्हिजन स्पर्धा जिंकली आणि पुढची आठ वर्षं नुसता धुमाकूळ घातला. 'डान्सिंग क्वीन'चा ठेका करताना त्यांच्या डोक्यात जॉर्ज मॅक्रेचं 'रॉक युअर बेबी' हे सुरुवातीच्या डिस्कोतलं गाणं होतं. १९७९ च्या 'वुले वू' आणि 'गिमी! गिमी! गिमी!'पर्यंत ते पुरते डिस्कोत शिरले. दरम्यान दोन्ही लग्नं मोडली. १९८२ च्या अखेरीस ग्रुपही थांबला. अधिकृत घोषणा वगैरे काही नाही, नुसता थांबला.

आपल्याकडे अ‍ॅबा आली ती कॅसेटवरून, बोनी एमच्या शेजारच्या खणातून. आणि त्याही आधी एका मागच्या दाराने आली. १९७७ च्या 'हम किसीसे कम नहीं'मधलं पंचमदांचं 'मिल गया हम को साथी' आठवा. त्याची चाल अ‍ॅबाच्या 'मामा मिया'वरून घेतलेली आहे. म्हणजे आपल्या अनेक काका-मामांच्या दृष्टीने 'ओरिजिनल' पंचमचं, आणि स्वीडनच्या लोकांनी ते इंग्रजीत केलं असणार! हा विनोद लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता नाटक. १९८४ मध्ये बेनी आणि ब्यॉर्न यांनी टिम राइसबरोबर 'चेस' केलं. आधी अल्बम काढला, १९८६ ला लंडनच्या प्रिन्स एडवर्ड थिएटरमध्ये नाटक आणलं. टिम राइसकडे काम करणाऱ्या ज्युडी क्रेमर या बाईंची या दोघांशी ओळख झाली ती या काळात. 'द विनर टेक्स इट ऑल' ऐकून यात एक आख्खं नाटक दडलंय असं तिला वाटलं, आणि मग अनेक वर्षं ती त्या दोघांच्या मागे लागली. शेवटी कॅथरीन जॉन्सनने गोष्ट लिहिली आणि फिलिडा लॉइडने दिग्दर्शन केलं. प्रयोग कधी सुरू झाला? ६ एप्रिल १९९९. ब्रायटनच्या विजयाला बरोब्बर पंचवीस वर्षं. आणि थिएटर तेच, प्रिन्स एडवर्ड.

गोष्ट साधी आहे. ग्रीक बेटावर छोटं हॉटेल चालवणारी डॉना, तिची लग्नाला उभी राहिलेली मुलगी सोफी, आणि सोफीचे तीन संभाव्य बाप. या गोष्टीत अ‍ॅबाची वीसहून जास्त गाणी बसवलेली. शब्द जवळपास तेच ठेवले, प्रसंग मात्र नवे. आधीच लोकप्रिय असलेली गाणी घेऊन त्यांच्याभोवती नाटक रचायचं, या प्रकाराला 'ज्यूकबॉक्स म्युझिकल' म्हणतात. ज्यूकबॉक्स म्हणजे इराण्याच्या हॉटेलात नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणारं ते यंत्र. पाहिलं नसेल तर घरच्या मोठ्यांना विचारा. प्रकार 'मामा मिया!'ने शोधला असं मुळीच नाही. आदल्याच वर्षी, १९९८ ला, लंडन पॅलेडियममध्ये बी जीजच्या गाण्यांवरचं 'सॅटर्डे नाइट फीवर' लागलेलं होतं. आणि तिथेही एक गंमत होतीच. मूळ सिनेमात जॉन ट्रॅव्होल्टा नुसता नाचतो, गाणी मागे रेकॉर्डवर वाजतात. नाटकात मात्र पात्रंच ती गाऊ लागली.

तर, सीडी आली. आणि तक्रारी सुरू झाल्या.

लंडनला ऑनसाइट असताना आमच्या टीममध्ये एक इंग्रज टेस्टर होता. पन्नाशीचा, अत्यंत शांत. बग सापडला तरी आवाज न चढवणारा माणूस. हा पक्का अ‍ॅबावाला. एकदा लंचला मी अगदी निरागसपणे सांगितलं, की 'मामा मिया!'ची सीडी घेतली, मस्त आहे. त्याने काटा खाली ठेवला आणि पुढची वीस मिनिटं मला त्या सीडीचा बग रिपोर्ट दिला. मुद्देसूद, सीव्हिअरिटीसकट! त्यानंतर या विषयावर मी बऱ्याच जणांशी बोललो. मुद्दे फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकेक घेऊया.

पहिला मुद्दा, आवाज. नाटकातले गायक शब्द फेकतात. शेवटच्या रांगेतल्या माणसाला गोष्ट कळली पाहिजे, म्हणून प्रत्येक अक्षर स्वच्छ, प्रत्येक ओळीला अभिनय. अ‍ॅबाच्या रेकॉर्डवर आग्नेथा असं काहीच करत नाही. ती शांतपणे, जवळजवळ थंडपणे गाते आणि दुःख आपोआप खालून वर येतं. चाहत्याचं म्हणणं असं, की नाटकवाल्यांनी जे न सांगता कळत होतं ते ओरडून सांगितलं.

दुसरा मुद्दा, तो 'साउंड'. हा मला इंजिनियर म्हणून फार आवडतो. अ‍ॅबाचा रेकॉर्डिंग इंजिनियर मायकल ट्रेटो याला फिल स्पेक्टरच्या भरगच्च आवाजाचं वेड होतं. त्याने काय करावं? एक थर रेकॉर्ड झाला, की टेपचा वेग अगदी किंचित बदलायचा आणि तोच भाग त्यावर पुन्हा वाजवून किंवा गाऊन घ्यायचा. दोन थर सुरात एकमेकांपासून केसभर सरकलेले राहतात आणि त्या फटीतून ती झळाळी येते. आज हे काम एखादं प्लगइन करतं, तेव्हा माणसं तासन् तास उभी राहून करत होती. असे थरावर थर. नाटकात हे कसं आणणार? पिटात बसलेला छोटा बँड, त्यात कीबोर्डांचा भरणा. कोरससाठी एक युक्ती केली होती. स्टेजवर नसलेले नट विंगेमागच्या छोट्या बूथमध्ये उभे राहून माइकवर साथ देतात. युक्ती छानच आहे, पण टेस्टरसाहेबांच्या कानाला फरक कळणारच.

पण थांबा. अ‍ॅबाचं ते मूळ रेकॉर्डिंग तरी 'खरं' होतं का? म्हणजे असा एखादा क्षण होता का, की चार माणसं एका खोलीत उभी राहिली आणि तो आवाज हवेत उमटला? कधीच नव्हता. तो आवाज फक्त टेपवर होता. दौऱ्यावर जाताना खुद्द अ‍ॅबाला जास्तीचे गायक सोबत न्यावे लागत. म्हणजे ज्या 'ओरिजिनल'ची आपण नक्कल म्हणून तुलना करतो, ते ओरिजिनल अ‍ॅबालाही स्टेजवर जसंच्या तसं जमत नव्हतं. हे मी टेस्टरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एक्झॅक्टली, म्हणूनच ते मौल्यवान आहे." घ्या!

तिसरी तक्रार एकदम व्यवहारी. नाटक संपल्यावर पडद्यासमोर सगळी मंडळी चमचमते कपडे घालून पुन्हा येतात आणि 'मामा मिया', 'डान्सिंग क्वीन', 'वॉटरलू' अशी तीन गाणी होतात. अख्खं थिएटर उभं राहून नाचतं. आपल्याकडचा वन्समोर, पण आधीच ठरवून ठेवलेला. लोक सीडी घेणार ती त्या दहा मिनिटांची आठवण म्हणून, आणि पहिल्या आवृत्तीत नेमकी तीच नव्हती. पुढे पाचव्या वर्षपूर्तीच्या आवृत्तीत ती जोडली गेली. पॅच रिलीज, दुसरं काय. :)

चौथा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि माझ्या मते खरं भांडण त्याचंच आहे.

आज अ‍ॅबा आवडते म्हणायला कोणी लाजत नाही, पण असे दिवस होते. स्वीडनमध्येच डाव्या विचारांच्या संगीतवाल्यांना अ‍ॅबा म्हणजे निव्वळ धंदा वाटत असे. १९७५ ला युरोव्हिजन स्टॉकहोमला भरली तेव्हा त्यांनी निषेध म्हणून पर्यायी महोत्सव भरवला आणि त्यात अ‍ॅबाची टिंगल करणारं गाणंही झालं. तिकडे अमेरिकेत १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोट करून उडवला गेला. ऐंशीच्या दशकात अ‍ॅबा आवडणं म्हणजे मित्रांत चेष्टेचा विषय. त्या काळात जे चाहते टिकले, ते हट्टाने टिकले. नेदरलँड्समध्ये १९८६ पासून फॅन क्लब चालवत राहिले, जुन्या रेकॉर्ड्स जमवत राहिले. आणि ते सारखं एकच सांगत होते : ही चकचकीत कपड्यांची गंमत नाहीये हो, नीट ऐका, ही गाणी दुःखी आहेत.

१९९२ ला 'अ‍ॅबा गोल्ड' आली आणि जग परत वळलं. पण कसं वळलं? पुष्कळदा हसत. नकली विग लावून, नकली अ‍ॅबा बँड घेऊन, थट्टेच्या पार्टीत. आता 'मामा मिया!' त्यावर शिक्कामोर्तब करणार, आपली रडायची गाणी लोक ग्लास हातात घेऊन ओरडत गाणार, ही ती भीती. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा मान राखला ती पुन्हा विनोद होणार. मला हा राग पूर्ण समजतो.

त्यामुळे भांडणाचं केंद्र होतं 'द विनर टेक्स इट ऑल'. १९८० चं गाणं. घटस्फोटानंतर ब्यॉर्नने लिहिलं आणि गायला दिलं कोणाला, तर आग्नेथाला! हे शब्दशः आमच्या दोघांचं नाही, आमच्यात कोणी जिंकलं-हरलं नव्हतं, असं ब्यॉर्नने नंतर सांगितलं आहे. पण ऐकणारा ते दोघं आठवूनच ऐकतो. अशा गाण्याला दुसऱ्या कोणी हात कसा लावायचा?

लावला शिव्हॉन मॅकार्थीने, म्हणजे १९९९ च्या डॉनाने. या बाईंचा एक जुना संदर्भ आहे, जो रागावलेले लोक सहसा सांगत नाहीत. 'चेस'च्या अल्बमवर बार्बरा डिक्सन आणि इलेन पेज यांचं 'आय नो हिम सो वेल' होतं. १९८५ ला ते ब्रिटनमध्ये नंबर एकवर गेलं. नाटक उभं राहिलं तेव्हा डिक्सनच्या जागी ती भूमिका आणि ते गाणं आलं मॅकार्थीकडे. म्हणजे लोकांच्या कानात आधीच पक्कं बसलेलं गाणं रोज रात्री त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं, याचा अनुभव तिला तेरा वर्षं आधीच होता, आणि तोही त्याच थिएटरात.

सीडीवर तिचं 'विनर' ऐका. आग्नेथा हरलेली आहे आणि शांत आहे. डॉना चिडलेली आहे. एकवीस वर्षं एकटीने पोर वाढवलं, हॉटेल चालवलं, आणि आता तो माणूस समोर येऊन उभा राहिलाय. तिच्या आवाजात खरखर आहे, श्वास ऐकू येतो. मूळ गाण्यात समोरचा माणूस अदृश्य असतो. इथे तो समोर आहे आणि त्याला हे सगळं ऐकून घ्यावं लागतंय. मी आग्नेथाचंच जास्त ऐकतो. पण मॅकार्थीचं गाणं ही थट्टा नाही, एवढं तरी कबूल करावंच लागतं.

'डान्सिंग क्वीन'चंही तेच. मूळ गाणं सतरा वर्षांच्या मुलीबद्दल, आणि आवाजही तसाच तजेलदार. नाटकात ते कोण म्हणतं? चाळिशीतल्या तीन मैत्रिणी. एकीचा मूड गेलाय आणि दोघी तिला पलंगावरून उठवतायत. आवाज कमी गुळगुळीत आहेत अशी टीका झाली. पण तेच तर आहे ना! सतरा वर्षांच्या मुलीने ते म्हटलं तर मजा, आणि पंचवीस वर्षांनी म्हटलं तर आठवण. 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स' १९८१ मध्ये शाळेला निघालेल्या छोट्या मुलीवरचं होतं. नाटकात आई तेच गाणं मुलीला लग्नासाठी तयार करताना म्हणते. गाणी चाहत्यांबरोबर वयाने वाढली, असं म्हणता येईल.

'डझ युअर मदर नो'ची तर चक्क उलटापालट झाली. रेकॉर्डवर ब्यॉर्न एका लहान वयाच्या मुलीला टाळतो. आज ऐकताना जरा अवघडायला होतं. नाटकात टान्या नावाची तीनदा घटस्फोट झालेली बाई मागे लागलेल्या पोरसवदा मुलाला वाटेला लावते. मला विचाराल तर हा बदल मूळापेक्षा सरस आहे. (टेस्टरसाहेब, माफी असावी.)

आणखी एक गोष्ट. २००१ च्या ऑक्टोबरात नाटक ब्रॉडवेवर गेलं आणि २०१५ पर्यंत ५,७५८ प्रयोग झाले. पण तिथल्या नटसंचाची वेगळी सीडी निघालीच नाही. तिथेही लंडनचीच विकली गेली. न्यूयॉर्कच्या चाहत्यांची ती वेगळी खंत, की आम्ही पाहिलेली डॉना आम्हाला घरी नेता येत नाही. उलट जर्मनीत हॅम्बुर्गच्या प्रयोगाची जर्मन सीडी आली. शब्द मिखाएल कुन्त्से यांचे, म्हणजे 'फ्लाय, रॉबिन, फ्लाय'वाल्या सिल्व्हर कन्व्हेन्शन या डिस्को ग्रुपमागचे गृहस्थ. आणि २००५ ला स्टॉकहोममध्ये नाटक स्वीडिश भाषेत झालं, त्याचीही सीडी निघाली. अ‍ॅबाची बहुतेक गाणी मुळात इंग्रजीतच लिहिलेली. मायदेशी त्यातली कित्येक मातृभाषेत ऐकू आली ती या 'नकले'मुळे!

आता खरी मजा. २००८ ला सिनेमा आला. मेरिल स्ट्रीप डॉना, पिअर्स ब्रॉस्नन सॅम. साउंडट्रॅक अमेरिकेत नंबर एकवर गेला. ब्रॉस्ननला रॅझी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत वाईट कामाचं ते थट्टेचं पारितोषिक, मिळालं. आणि कोण चिडलं? १९९९ ची सीडी ऐकून मोठी झालेली पोरं. नाटकवाले बघा कसे नीट गायचे, सिनेमाने वाट लावली, ओरिजिनल ते ओरिजिनलच! नऊ वर्षांपूर्वी हेच वाक्य अ‍ॅबावाले या सीडीबद्दल बोलत होते. कालचं नकली ते आजचं अस्सल. पंचमवाल्या काकांची आठवण झाली ना?

आपल्याकडे नाट्यसंगीताच्या बाबतीत हे नवं नाही. तासभर रंगणारं पद तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत कोंबलं, तेव्हा ज्यांनी बालगंधर्वांना समोर ऐकलं होतं ते 'ही गंमत त्यात नाही' म्हणायचेच. आणि आमच्यासारख्यांना तर तबकडीच माहीत. आम्ही त्या साडेतीन मिनिटांनाच 'मूळ' समजून नंतरच्या गायकांना नावं ठेवतो!

मला वाटतं दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींची राखण करत होत्या. अ‍ॅबाच्या रेकॉर्डवर एक आवाज जपलेला आहे, जो स्टुडिओबाहेर कधी अस्तित्वातच नव्हता. कास्ट रेकॉर्डिंगवर एक संध्याकाळ जपलेली आहे, जी खरोखर झाली. एकाला दुसऱ्याच्या फूटपट्टीने मोजलं की भांडण होणारच. आणि गंमत म्हणजे आवाजवाल्यांचा हट्टही पुढे पुरवला गेला. मे २०२२ मध्ये लंडनला 'अ‍ॅबा व्हॉयेज' सुरू झालं. आवाज मूळचे, बँड जिवंत, आणि चौघं मात्र डिजिटल आकृत्या. नाटकात माणसं खरी आणि आवाज दुसऱ्यांचे होते, इथे आवाज खरे आणि माणसं गायब. टेस्टरसाहेबांशी आता संपर्क नाही, पण ते तिथे जाऊन रडले असणार याची मला खात्री आहे. आणि शेजारच्या खुर्चीत 'मामा मिया!'ची सीडी झिजवलेली एखादी पोरगी तितकीच रडली असणार.

असो. रविवार मोकळा असेल तर एक करून बघा. 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स' आधी १९८१ चं ऐका, मग लगेच १९९९ चं. शक्य असेल तर आईला शेजारी बसवा आणि तिला कुठलं आवडलं ते विचारा. माझ्या आईने दुसरं निवडलं. कारण विचारलं तर म्हणाली, "पहिली छान गाते. दुसरीला मुलगी आहे."